एका तपाचे अश्रू

श्रावणातील पिठोरी अमावास्या म्हणजे आपल्याकडचा मातृदिन. सायंकाळी चौसष्ट योगिनींची पूजा होते, खीरपुरीचा नैवेद्य दाखविला जातो आणि मग अनेक घरांतून तो हृद्य सोहळा घडतो. वाण मस्तकावर धरून आई पाठमोरी बसते आणि विचारते, "अतीत कोण?" मागे उभे असलेले मूल उत्तर देते, "मी!" आणि ते वाण आपल्या हाती घेते. आईला मूल दिसत नसते. परंतु ते मागे आहे आणि विचारताच उत्तर देईल, ही तिची श्रद्धा असते.

पण मुलाने उत्तरच दिले नाही तर? आई विचारीत राहिली आणि मूल एका तपाहूनही अधिक काळ मुके राहिले तर? अशा एका आईची आणि मुलाची कथा सोळा शतकांपूर्वी उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत घडली. आईचे नाव मोनिका. मुलगा म्हणजे पुढे कॅथलिक चर्चचे थोर बिशप आणि तत्त्वचिंतक म्हणून जगाला ज्ञात झालेले संत ऑगस्टीन. कॅथलिक पंचांगात २७ ऑगस्ट हा मोनिकेचा स्मरणदिन आणि लगेच दुसरा दिवस, २८ ऑगस्ट, हा ऑगस्टीन यांचा. आधी आई, मग मूल! आपल्या मातृदिनापासून हे दिवस फारसे दूर नसतात. म्हणूनच आज या मायलेकरांचे स्मरण करावेसे वाटते.

ही कथा आपणांस कळते ती स्वतः ऑगस्टीन यांच्याच लेखणीतून. इ. स. ३९७ च्या सुमारास, हिप्पो नगरीचे बिशप असताना, त्यांनी 'कन्फेशन्स' हा तेरा भागांचा लॅटिन ग्रंथ लिहावयास घेतला. या नावाच्या मूळ लॅटिन शब्दात दोन अर्थ एकवटले आहेत. आपल्या दोषांची कबुली हा एक आणि ईश्वराची स्तुती हा दुसरा. संपूर्ण ग्रंथ परमेश्वराला उद्देशून आहे. लेखक देवाशी बोलत असतो आणि वाचक जणू देवघराच्या उंबरठ्याशी उभा राहून ऐकत असतो. अशा ठिकाणी माणूस खोटे बोलत नाही. निदान बोलू नये असा त्याचा यत्न असतो.

ऑगस्टीन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ते या गावी झाला. आज ते गाव अल्जीरियात असून त्याचे नाव सूक अहरास असे आहे. घरची स्थिती बेताची. पिता पॅट्रिशियस जुन्या रोमन देवतांना मानणारे, तापट स्वभावाचे. माता मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती. मुलगा बुद्धिमान, पण स्वैर. सोळाव्या वर्षी सवंगड्यांसमवेत रात्री त्यांनी शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, फळेही काही विशेष गोड नव्हती. बहुतेक डुकरांपुढे टाकून दिली. या क्षुल्लक चोरीवर ऑगस्टीन यांनी पुढे पानेच्या पाने लिहिली आहेत. फळांसाठी केलेली चोरी समजू शकते. परंतु केवळ चोरीच्या आनंदासाठी केलेली चोरी कोठून उद्भवते? मनुष्याच्या अंतःकरणातील पापाचा शोध त्यांनी राजेमहाराजांच्या क्रौर्यात घेतला नाही, आपल्याच बालपणीच्या त्या झाडाखाली घेतला.

पुढे कार्थेज नगरीत शिक्षण चालू असता दोन गोष्टी घडल्या. एका स्त्रीशी त्यांचा विवाहावाचूनच संसार सुरू झाला आणि त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव आदेओदातुस. आपल्या भाषेत सांगावयाचे तर 'देवदत्त'. दुसरी गोष्ट अशी की, एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा 'होर्टेन्सियस' हा ग्रंथ त्यांच्या हाती पडला आणि ज्ञानाची तहान लागली. त्या तहानेपायी ते मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात शिरले. विश्वात प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वे अखंड झुंजत आहेत, असे हा पंथ सांगे. त्यात एक सोय होती. आपल्या हातून घडलेले पाप आपले नव्हेच, ते अंधाराचे, असे म्हणता येई!

मोनिकेला हे असह्य झाले. प्रारंभी तर तिने मुलाला आपल्या घरात, आपल्या पंक्तीस घेण्याचे नाकारले. मग तिला एक स्वप्न पडले. ती एका लाकडी पट्टीवर रडत उभी आहे. एक तेजस्वी तरुण येऊन तिच्या दुःखाचे कारण विचारतो आणि नीट पाहावयास सांगतो. ती वळून पाहते तो मुलगा त्याच पट्टीवर तिच्या शेजारी उभा! स्वप्न ऐकून मुलाने चतुर अर्थ लावला, की आईच एक दिवस माझ्या मताची होईल. आईने तत्काळ उत्तर दिले, की मी तुझ्यापाशी येईन असे मला सांगितलेले नाही. तू माझ्यापाशी येशील असे सांगितले आहे. त्या स्वप्नाहून आईच्या या तत्पर उत्तरानेच आपण अधिक हललो, असे ऑगस्टीन यांनी कबूल केले आहे. तरीही ते बदलले नाहीत. एका बिशपनेही तिची समजूत घातली, की इतके अश्रू ज्याच्यासाठी वाहिले तो मुलगा वाया जाणार नाही. माउलीने तो शब्द आकाशवाणीसारखा जपला.

याच काळात थागास्ते येथे त्यांचा एक जिवलग मित्र तापाने गेला. गाव, घर, ओळखीचे रस्ते, सारे त्यांना खावयास उठले. पुढे त्या शोकाकडे मागे वळून पाहताना त्यांना आपली चूक उमगली. चूक प्रेम करण्याची नव्हती. मरणाधीन माणसावर, तो जणू कधीच मरणार नाही अशा रीतीने प्रेम केले, ही ती चूक. वाळूवर पाणी ओतावे तसा जीव ओतला. प्रियजनांवर प्रेम करावेच; परंतु जो कधीही नाहीसा होत नाही त्याच्या ठायी करावे, म्हणजे ते हरवत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या घरात नुकताच कोणाच्या तसबिरीला हार चढला असेल, त्या घराला हा विचार निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

इ. स. ३८३ मध्ये त्यांनी रोमला जाण्याचा बेत केला. आई सोडीना. तेव्हा या मुलाने आईशी लबाडी केली. मित्राला निरोप देऊन येतो असे सांगून, समुद्राकाठच्या संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळी तिला रात्रभर थांबविले आणि आपण गुपचूप गलबतात बसून निघून गेले. सकाळी रिकामा किनारा पाहून त्या माउलीने हंबरडा फोडला. परंतु आईच ती! पुढे समुद्र ओलांडून तीही इटलीत मिलान येथे मुलाच्या मागोमाग पोहोचली.

मिलान येथे ऑगस्टीन वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक झाले होते. तेथील बिशप अँब्रोज यांची प्रवचने प्रथम ते केवळ शैलीसाठी ऐकत. हळूहळू आशयही अंतरी उतरू लागला. याच सुमारास प्लेटोच्या परंपरेतील तत्त्वज्ञांचे ग्रंथ लॅटिन भाषांतरात त्यांच्या वाचनात आले आणि मानी पंथाचे कोडे सुटले. दुष्टत्व हे स्वतंत्र तत्त्वच नव्हे. सत्त्वाची उणीव म्हणजेच दुष्टत्व, जसा अंधार हा कोणी पदार्थ नसून प्रकाशाचा अभाव आहे. आता आपले पाप दुसऱ्या कोणा तत्त्वाच्या माथी मारता येईना.

बुद्धीची शंका फिटली. पण जीवन तसूभरही हलले नाही. ऑगस्टीन यांच्या साऱ्या चिंतनाचे मर्म मला येथे दिसते. सत्य पटणे आणि सत्याकडे वळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दगड खाली जातो, ज्वाला वर जाते. ज्याच्या त्याच्या भाराप्रमाणे प्रत्येक वस्तू आपले स्थान शोधते. मनुष्याचा भार म्हणजे त्याचे प्रेम, असे ते मानतात. ते ज्या दिशेला झुकते त्या दिशेला तो जातो. बुद्धी कितीही उलट सांगो. तत्त्वज्ञान वाट दाखविते, परंतु पावलांना ओढ लावते ते प्रेम. आणि प्रेमालाच वळण लागणे, याचे नाव श्रद्धा.

इ. स. ३८६ च्या ऑगस्टमध्ये मिलानच्या एका बागेत हा अंतर्कलह शिगेला पोहोचला. अंजिराच्या झाडाखाली ते स्फुंदून रडत असता शेजारच्या घरातून एका बालकाचा गाणारा आवाज आला. 'घे आणि वाच' असे तो पुनःपुन्हा म्हणत होता. त्यांनी संत पौलाचे पत्र उघडले, जो भाग दिसला तो वाचला आणि मन शांत झाले. मग ते आत गेले आणि ही वार्ता आईला सांगितली. एका तपाहून अधिक काळ विचारलेल्या प्रश्नाला अखेर उत्तर मिळाले होते!

त्या वर्षीच्या शरद ऋतूत कासिसियाकम येथील एका ग्रामीण निवासात ऑगस्टीन यांनी मित्र व शिष्यांसह तत्त्वचर्चा आरंभिली. आपल्या वाढदिवशी सुरू होऊन तीन दिवस चाललेली सुखाच्या स्वरूपाविषयीची चर्चा त्यांनी ग्रंथरूप केली आहे. तीत मोनिकाही बोलते. तत्त्वज्ञानाचा गड जो पंडितांनी ग्रंथांच्या शिड्या लावून चढावा, त्यावर ती श्रद्धेच्या वाटेने आधीच पोहोचलेली होती, अशी तिची योग्यता तिच्या मुलाने मानली.

इ. स. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीन आणि आदेओदातुस यांचा बाप्तिस्मा झाला. मग सारी मंडळी मायदेशी परतावयास निघाली आणि रोमजवळच्या ओस्टिया बंदरात थांबली. तेथे एके दिवशी मायलेकरे खिडकीशी उभी राहून, खालच्या बागेकडे पाहत, अनंत जीवनाविषयी बोलत होती. बोलता बोलता सृष्टीचा, मनाचा आणि वाणीचाही पल्ला मागे पडला आणि क्षणभर दोघांनाही त्या शाश्वताचा स्पर्श झाल्यासारखे वाटले. काही दिवसांतच मोनिकेला ताप आला. आपले दफन मायदेशी पतीशेजारी व्हावे, अशी तिची जुनी इच्छा होती. आता तीही गळून पडली. हे शरीर कोठेही ठेवा, मात्र प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मागितले. तिच्या प्रेमालाही असे अखेरचे वळण लागले. आयुष्याच्या छपन्नाव्या वर्षी, आजाराच्या नवव्या दिवशी ती निवर्तली. मुलाने अंत्यविधीत डोळ्यांतून टिपूस येऊ दिले नाही. श्रद्धावंताने मृत्यूचा शोक करू नये, असे त्याला वाटत होते. पण दुसऱ्या दिवशी एकांतात बांध फुटला. जिने माझ्यासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, तिच्यासाठी मी घटकाभर रडलो तर कोणी हसू नये, अशी त्यांची वाचकाला विनवणी आहे.

या विशाल ग्रंथात आईचे नाव फक्त एकदाच येते. तेही या मृत्युकथेच्या शेवटी, वाचकांनी तिचे आणि पॅट्रिशियसचे प्रार्थनेत स्मरण करावे अशी विनंती करताना. ते नाव टिकले. १९४५ साली ओस्टिया येथे खांब रोवण्यासाठी खड्डा खणणाऱ्या दोन मुलांना तिच्या समाधिलेखाचा संगमरवरी तुकडा सापडला. रोममध्ये संत ऑगस्टीन यांच्या मंदिरात तिचे अवशेष पूजिले जातात. ऑगस्टीन यांचे नाव तर आपल्या कोकणपट्टीपर्यंत आले. त्यांच्या संघाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात उतरले. जुन्या गोव्याच्या टेकडीवर त्यांनी बांधलेल्या कृपामातेच्या चर्चचा भग्न मनोरा आजही उभा आहे. २०२५ च्या मे महिन्यात निवडले गेलेले पोप लिओ चौदावे हेही त्याच संघाचे आहेत.

परंतु या कथेत आणखी एक आई आहे. तिचे नाव कोठल्याही शिळेवर नाही. ती म्हणजे आदेओदातुसची आई. मिलानमध्ये मुलासाठी प्रतिष्ठित घराण्यातील वधू पाहिली गेली, त्यात मोनिकेचाही पुढाकार होता. सुमारे पंधरा वर्षे सोबत राहिलेल्या या स्त्रीला आफ्रिकेला परत पाठविण्यात आले. दुसऱ्या पुरुषाकडे पाहणार नाही असे व्रत घेऊन ती गेली. मूल मात्र पित्यापाशी ठेवून गेली. आपले हृदय फाटले, रक्तबंबाळ झाले, असे ऑगस्टीन लिहितात. आणि तरीही, वधू वयात येईपर्यंत धीर न धरवल्याने आपण दुसरी स्त्री ठेवली, हेही ते लपवीत नाहीत. ते लग्न अखेर झालेच नाही. जिला दूर केले तिचा एकनिष्ठपणा आपल्याहून थोर होता, हे त्यांना कळले होते. तिचे नाव मात्र त्यांनी लिहिले नाही. आदेओदातुस बाप्तिस्म्यानंतर दोन-तीन वर्षांतच, ऐन सतराव्या वर्षाच्या आसपास, मरण पावला.

संतांनाही सारी ऋणे फेडता येत नाहीत. देवापुढे मांडलेल्या त्या प्रांजळ कबुलीतही एक जागा रिकामी राहिली. आज वाण मस्तकावर घेऊन माउली विचारील, "अतीत कोण?", आणि मागून "मी" असे उत्तर येईल, तेव्हा जिच्या मागे उत्तर द्यावयास कोणीच उरले नव्हते त्या निनावी आईचेही क्षणभर स्मरण करावे.