दख्खनची मोजदाद करणारा कर्नल

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांनी भरतपूरला वेढा घातला, त्या मोहिमेत ते होते. पुढे ते हिंदुस्थानी आणि मराठी शिकले. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकी आणि येरवडा येथे पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढायांत त्यांनी देशी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व केले. पेशवाई बुडवण्यात ज्या अधिकाऱ्याचा हात होता, त्याच्याच वाट्याला पुढे त्या मुलखाची पाहणी आली.

१८२४ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची माहिती त्यांनी जमवली. लोकसंख्या, पिके, पाऊस, हवेचा दाब, मिरासदार आणि उपरी यांचे जमिनीवरील हक्क, पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार यांची व्यवस्था हे सारे त्यांच्या अहवालांत आले. नव्या राज्याला सारा ठरवायचा होता, त्यासाठी ही मोजदाद हवी होती. तरीही पेशवाईनंतरच्या पहिल्या पिढीतील गावगाडा समजून घेण्यासाठी या नोंदी आजही मोलाच्या आहेत. १८२९ च्या अखेरीस सरकारने हे पद रद्द केले. साइक्स यांनी मात्र काम तडीस नेले आणि १८३१ मध्ये अहवाल सादर करून ते मायदेशी गेले.

याच भटकंतीत जमलेल्या पशुपक्ष्यांची सूची त्यांनी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. तळ्याकाठची ढोकरी, राखी वटवट्या, दख्खनच्या माळावरचा एक चंडोल यांची शास्त्रीय वर्णने प्रथम त्यांनी केली. मोठ्या राखी सातभाईच्या शास्त्रीय नावात गव्हर्नर जॉन माल्कम यांचे नाव आहे, तेही साइक्स यांनीच दिले. कोळसुंद्याच्या नावात त्यांनी दख्खन गुंफले. माशांच्या बाबतीत ते आणखी पुढे गेले. लोकांच्या तोंडची मराठी नावेच त्यांनी शास्त्रीय नावांत घेतली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीर जातीच्या माशाचे नाव म्हणून आजही ‘टॉर खुद्री’ आहे. वेरूळच्या लेण्यांवर आणि जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांवरही त्यांनी लिहिले.

१८३३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांच्या आयुष्याचे दुसरे पर्व सुरू झाले. १८३४ मध्ये लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक झाले आणि १८५६ मध्ये अध्यक्ष. १८४७ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथून लढवलेली पार्लमेंटची निवडणूक ते हरले. १८५७ मध्ये मात्र तेथूनच लिबरल पक्षाचे सदस्य म्हणून निवडून आले आणि मृत्यूपर्यंत ती जागा त्यांच्याकडेच राहिली. त्याच वर्षी हिंदुस्थानात उठाव झाला. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेला. साइक्स यांचा या बदलाला विरोध होता. चीनमधील ताइपिंग बंडात ब्रिटनने हात घालू नये, असे त्यांनी वृत्तपत्रांतून हिरिरीने मांडले. ती पत्रे १८६३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. १८६३ ते १८६५ या काळात ते सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते.

१६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. खडकीचा सैनिक आणि पार्लमेंटचा सदस्य या दोन्ही भूमिका त्यांच्याबरोबर संपल्या. दख्खनच्या शेतांतून, माळांवरून आणि नदीकाठांवरून टिपलेल्या नोंदी मागे राहिल्या. त्या नोंदींमागे माहिती सांगणारे शेतकरी, शिकारी आणि कोळी होते. त्यांची नावे टिकली नाहीत, पण त्यांनी सांगितलेला ‘खुद्री’ हा शब्द जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत टिकून आहे.