मेरीनोलची टेकडी

एखाद्या संस्थेचा इतिहास दोन ठिकाणी वाचावयास मिळतो. एक तिच्या दप्तरात आणि दुसरा तिच्या दफनभूमीत. दप्तरात संकल्प लिहिलेले असतात; ते संकल्प माणसांनी कोठवर नेले, हे दफनभूमीतील शिळा सांगतात. अमेरिकेतील मेरीनोल या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाविषयी हे विशेषच खरे आहे. मात्र या संघाच्या साऱ्या शिळा एका ठिकाणी नाहीत. त्या का नाहीत हे समजले, म्हणजे संघाचा इतिहासही समजतो.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस, हडसन नदीच्या काठी, ओसिनिंग नावाचे गाव आहे. तेथील एका टेकडीला मेरीनोल हे नाव मिळाले. ‘नोल’ म्हणजे लहानशी टेकडी. म्हणून मेरीनोल म्हणजे मेरीमातेची टेकडी. या संघाचे मातृगृह येथेच आहे.

संघाच्या संस्थापिका मेरी जोसेफिन रॉजर्स यांचा जन्म १८८२ साली बॉस्टन येथे झाला. त्या स्मिथ महाविद्यालयात शिकत असताना, १९०४ साली, त्यांच्या काही प्रॉटेस्टंट मैत्रिणींनी सेवेसाठी चीनला जाण्याचा निश्चय केला. त्यांचा उत्साह पाहून मेरी विचारात पडल्या. आपल्या पंथातील मुलींनी असे काही का करू नये, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. पुढे त्याच महाविद्यालयात त्या प्राणिशास्त्र शिकवू लागल्या. बॉस्टनमधील जेम्स वॉल्श नावाचे धर्मगुरू परदेशांतील कार्यासाठी एक मासिक चालवीत असत. त्या मासिकाच्या कामात त्या त्यांना साहाय्य करू लागल्या.

१९११ साली वॉल्श व त्यांचे सहकारी टॉमस प्राइस यांनी परदेशी जाणाऱ्या धर्मगुरूंची संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, काही स्त्रिया त्या कार्यास येऊन मिळाल्या. पत्रे लिहावी, मासिकाच्या प्रती बांधून टपालात टाकाव्या, स्वयंपाक व शिवणकाम करावे, असे त्यांचे काम होते. दूरदेशी जाणारे पुरुष आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, असाच त्या काळचा रिवाज होता. परंतु स्वतः दूरदेशी जावे, ही त्या स्त्रियांची आकांक्षा होती. १९२० साली त्यांच्या संघास चर्चची मान्यता मिळाली आणि १९२१ साली सहा भगिनींची पहिली तुकडी हाँगकाँगकडे निघाली.

धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता. पण केवळ उपदेशाने भागत नाही, हे त्यांस लवकरच कळून आले. प्रथम तेथील भाषा शिकावी लागे. मग शाळा काढाव्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करावी, असे काम वाढत गेले. दक्षिण चीनमध्ये तर भगिनी दोघी-दोघींनी खेड्यांत जाऊन तेथील स्त्रियांमध्ये राहू लागल्या. कोरियात युद्ध पेटले असताना मर्सी हर्शबेक या डॉक्टर भगिनीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुसान शहरात दवाखाना चालविला. निर्वासितांनी भरलेल्या त्या शहरात दवाखान्यासमोर रोज हजाराहून अधिक रुग्णांची रांग लागत असे.

आता दफनभूमीकडे वळू. आपल्याकडे बहुसंख्य समाजात दहनाची चाल आहे. ख्रिस्ती समाजात सामान्यतः दफनाची. परदेशात मरण पावलेल्या मनुष्याचा देह स्वदेशी आणावा, असे त्याच्या आप्तांस वाटणे साहजिकच आहे. परंतु मेरीनोलच्या भगिनींचा प्रघात निराळा होता. भगिनी जेथे देह ठेवील तेथेच, ज्यांच्यात ती राहिली त्या लोकांच्या शेजारी, तिला माती द्यावयाची. म्हणून मातृगृहाच्या आवारातील दफनभूमीत प्रामुख्याने त्या भगिनी विसावल्या आहेत, ज्यांना आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे टेकडीवर परतावे लागले. संस्थापिका मेरी जोसेफ १९५५ साली निवर्तल्या. त्यांची समाधीही तेथेच आहे.

या प्रघाताची खरी कसोटी मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या छोट्या देशात लागली. १९८० साली तेथे यादवी पेटत होती. चालातेनांगो या गावी कार्ला पिएट व ईटा फोर्ड या दोन भगिनी निराधार झालेल्या कुटुंबांना अन्न व आसरा मिळवून देत होत्या. २३ ऑगस्टच्या रात्री नदी ओलांडताना एकाएकी लोंढा आला आणि त्यांची जीप उलटली. कार्ला यांनी ईटा यांना खिडकीतून बाहेर लोटले. ईटा वाचल्या, कार्ला वाहून गेल्या. त्यांना चालातेनांगो येथेच माती देण्यात आली.

ईटा यांना घरी परतता आले असते. त्या परतल्या नाहीत. निकाराग्वात अनेक वर्षे काम केलेल्या मॉरा क्लार्क त्यांच्या सोबतीस आल्या. २ डिसेंबर १९८० रोजी विमानतळावरून येताना त्या देशाच्या राष्ट्रीय रक्षक दलातील शिपायांनी त्यांची गाडी अडविली आणि दोघींसह चार स्त्रियांची हत्या केली. या गुन्ह्यासाठी १९८४ साली पाच शिपायांना शिक्षा झाली. चौघींपैकी डोरोथी केझेल व जीन डोनोवन या मेरीनोल संघाच्या नव्हत्या; त्यांचे देह अमेरिकेस नेण्यात आले. ईटा व मॉरा यांना मात्र चालातेनांगो येथे, कार्ला यांच्या शेजारी, ठेवण्यात आले.

एका भगिनीच्या वाट्यास तर एवढेही आले नाही. ॲग्नेटा चांग या मूळच्या कोरियाच्या. १९५० च्या ऑक्टोबर महिन्यात उत्तर कोरियात सैनिकांनी त्यांना आजारी असताना पकडून नेले व ठार केले. त्यांचा अंत्यविधी संघाच्या भगिनींना करता आला नाही.

आज मेरीनोल संघात नव्याने येणाऱ्या स्त्रिया थोड्या आहेत. भगिनींची संख्या पूर्वीपेक्षा पुष्कळ घटली आहे आणि त्यांतील अनेकजणी वृद्ध आहेत. पण संघाची थोरवी केवळ संख्येवर मोजता येत नाही. माणसाला जन्मभूमी निवडता येत नाही; कर्मभूमी मात्र तो निवडू शकतो. संकटसमयी ती सोडून जाण्याची वाट मोकळी असतानाही जो तेथे राहतो, त्याला तेथील लोक परका मानीत नाहीत. चालातेनांगोच्या त्या तीन समाध्यांचा अर्थ हाच आहे.