अर्धीच खरवडा!

टॉर्चचा एक सेल. त्याच्या दोन्ही टोकांना रबराच्या पट्टीने घट्ट धरलेल्या दोन सेफ्टीपिना, सेलच्या पाठीवर चिकटलेलं लोहचुंबक आणि पिनांच्या नेढ्यांत आडवं टांगलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. हलकी टिचकी मारा. वेटोळं गरगर फिरत सुटतं. झाली विजेची मोटार!

तिची कृती अरविंद गुप्तांच्या 'अरविंदगुप्ताटॉईज डॉट कॉम' या संकेतस्थळावर फुकट मिळते. आयआयटी कानपूरहून १९७५ साली इंजिनियर होऊन गुप्ता पुण्याच्या टेल्को कंपनीत लागले. १९७८मध्ये रजा काढून ते होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे आगकाड्या नि सायकलच्या वॉलट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या करू लागले. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षं कचऱ्यातून खेळणी केली. ती खेळणी फोटो आणि व्हिडिओंसह या संकेतस्थळावर आहेत, शिवाय हजारो पुस्तकं, मराठीसुद्धा. संकेतस्थळ दिसायला अगदी साधंसुधं आहे, पण आतला ऐवज बघून डोळे विस्फारतात.

पुन्हा त्या मोटारीकडे येऊ, कारण तिची खरी गंमत पुढेच आहे. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मिळणाऱ्या तारेवर व्हार्निशसारखा पातळ थर असतो, त्यातून वीज जात नाही. म्हणून वेटोळ्याचं एक टोक सगळीकडून खरवडायचं. दुसरं मात्र अर्धंच! वेटोळं उभं धरायचं आणि तारेची फक्त वरची बाजू ब्लेडने घासायची. हे काम मोठ्यांनी करावं. नीटनेटकी माणसं इथे हमखास दोन्ही टोकं लख्ख करतात आणि वेटोळं नुसतं थरथरत बसतं.

का? वीज आली की वेटोळं स्वतःच चुंबक बनतं आणि खालचं लोहचुंबक त्याला ढकलतं. पण अर्धा फेरा झाला, की तोच धक्का उलट दिशेने बसू लागतो. आत्ता पुढे रेटणारा हात मागे खेचू लागतो. नेमक्या त्याच वेळी न खरवडलेली बाजू पिनेवर येते. वीज बंद! वेटोळं आपल्याच वेगात उरलेला अर्धा फेरा पुरा करतं, पुन्हा उघडं तांबं पिनेला टेकतं, पुन्हा धक्का. मिक्सरमधले कार्बन बदलून आणतो ना आपण, ते ज्याच्यावर घासून झिजतात तो कॉम्युटेटर याच जातकुळीतला. तो वीज तोडत नाही, वेटोळ्यातली तिची दिशाच उलटवतो. न खरवडलेला तो पातळ थर एवढं काम करतो, यावर माझा अजूनही चटकन विश्वास बसत नाही.

मोटार अडली, तर तार नि सेल तापतात, लगेच सोडवा. तेही एक प्रकारचं शॉर्ट सर्किटच. शॉर्ट सर्किट बघायचंच असेल, तर कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' हे संगणकावरच्या प्रयोगांचं संकेतस्थळ आहे. नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी २००२मध्ये सुरू केलेला हा फुकट खजिना मराठीतही उघडतो. त्यातल्या विद्युत परिपथाच्या खेळात सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली, की पडद्यावर सेल भडकतो, चक्क ज्वाळा निघतात. दिवा पेटवायचा राहतो बाजूला. मुलं आधी मनसोक्त आगी लावून घेतात.