साचेकाम – 9 : हात बादलीत घालायचा नाही

रेझिनमध्ये घालायच्या कोबाल्ट आणि हार्डनरचं प्रकरण या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतोय. तोवर त्या दोन बाटल्या एका फळीवर ठेवू नका आणि थेट एकमेकींत थेंबभरही मिसळू नका. नाशिकहून एका आजींचं पत्र आलंय, त्याला आठवडाभर थांबवणं बरं नाही. नातवाचा पहिला वाढदिवस आहे आणि त्याचा हात पीओपीत धरून साचा काढायचा बेत आहे. ‘रेझिनसारखं विषारी काही नाही, साधं प्लास्टर. पेणचे मूर्तिकार तर दिवसभर त्यात हात घालतात,’ असं त्या लिहितात.

आजी, बेत छान आहे. फक्त पीओपीत हात घालायचा नाही.

जिप्सम साधारण 150 अंशांना भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि पीओपीची भुकटी उरते. तिच्यात आपण पाणी घातलं की ती ते परत घेते, सुईसारखे स्फटिक धरते आणि तापते. पाणी थंड घेतलं तरी तापते. एकदा कालवून थर्मामीटर लावून बघा. सुरुवातीची काही मिनिटं काहीच घडत नाही. गार, श्रीखंडासारखा लगदा. मग पृष्ठभागावरची ओली चकाकी जाते, बोट रुतेनासं होतं. पारा खरा चढतो तो यानंतर. म्हणजे चटका जाणवेपर्यंत हात आत पक्का झालेला असतो. त्यात प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं, त्यामुळे बोटांची पकड आणखी आवळते. लवकर व्हावं म्हणून कोमट पाणी किंवा चिमूटभर मीठ घालणारे हा सगळा खेळ निम्म्या वेळात उरकतात.

इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या एका शाळेत जानेवारी 2007 मध्ये नेमकं हेच झालं. कलेच्या तासाला 16 वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हातांचा साचा घ्यायला ते प्लास्टरच्या बादलीत घातले. ते निघेनात. आतलं तापमान 60 अंशांपर्यंत गेल्याचं नंतर सांगितलं गेलं. तिला दोन्ही अंगठे आणि दोन सोडून सगळी बोटं गमवावी लागली. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनी 1947 मध्ये भाजण्याबद्दल मांडलेलं गणित अजून वापरतात: 44 अंशांवर कातडी भाजायला सहाएक तास लागतात, 60 अंशांवर पाचेक सेकंद. तान्ह्या मुलाची कातडी तर आपल्यापेक्षा कितीतरी पातळ.

मग पेणचे कारागीर कसे भाजत नाहीत? त्यांचं प्लास्टर काथ्यासकट साच्याच्या भिंतीला पातळ थरात बसतं. पातळ थराची उष्णता हवेत आणि साच्यात निघून जाते. शिवाय हात सतत हलता, आणि माल घट्ट व्हायच्या आत बाहेर. आच येते ती जाड गोळ्यातून. तसा गोळा हाताभोवती अडकवून बसणं त्यांच्यातलं कुणी करणार नाही.

आजींसाठी उपाय दंतवैद्यांकडे आहे. कवळीचं माप घेताना ते तोंडात जो रबरासारखा लगदा भरतात तो अल्जिनेट, समुद्री शेवाळापासून काढलेला. आधी त्या कामी अगर-अगर वापरत. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून ते येईनासं झालं आणि अल्जिनेटचं चांगलंच फावलं. तो तापत नाही, दोन-तीन मिनिटांत बसतो आणि लवचीक असल्यामुळे बोटं जराशी हलवली की हात सुटून येतो. भुकटी कालवताना मास्क लावा, तिच्यात सिलिका असते. बाळ तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत. बाळ झोपलेलं असेल तर काम निम्मं सोपं. हात निघाल्यावर त्या पोकळीत पीओपी ओता, अर्ध्या तासाच्या आत, कारण अल्जिनेट सुकून आक्रसतो. आता पीओपी तापला तरी तापू दे.

नुसता तळव्याचा ठसा हवा असेल तर अल्जिनेटही नको. शाडूच्या वडीवर हात दाबा, काढा आणि त्या खड्ड्यात प्लास्टर ओता.

आणि उरलेला पीओपी मोरीत नको; पाण्याखालीही तो दगड होतो. प्लास्टिकच्या बादलीतच वाळू द्या, बाहेरून दाबलं की खपल्या निघतात. बादली धुतलेलं पाणी रात्रभर निवळू द्या, वरचं कुंड्यांना चालतं.