जुन्या पिकअप गाडीचें स्टिअरिंग-चाक काढण्याची रीत

१९४७ सालीं महिंद्रा कंपनीनें आपल्या देशांत जीप गाडीची जोडणी सुरू केली. पुढें पिकअप गाड्याहि शेतमालाच्या वाहतुकीस आल्या, आणि त्यांतील कित्येक जुन्या गाड्या आजहि भाजीपाला, खत व वैरण वाहत आहेत. अशा गाडीचें स्टिअरिंग-चाक तडकलें किंवा हॉर्नचें बटण निकामी झालें, म्हणजे चाक काढावें लागतें. काम लहान दिसतें. परंतु घाईनें हातोडा उचलला जातो, आणि तेथेंच नुकसान होतें.

चाक कसें बसविलेलें असतें हें प्रथम ध्यानांत घ्यावें. शाफ्टाचें वरचें टोक बहुधा निमुळतें असून त्यावर बारीक उभ्या खाचा असतात. चाकाच्या तुंब्यांतहि तशाच खाचा असतात. नट आवळला कीं तुंबा त्यावर रुतून बसतो. पुढें गंजानें ही पकड इतकी वाढते कीं, नट काढला तरी चाक हलत नाहीं. अशा वेळीं शाफ्टावर घाव घातल्यास तो खालीं स्टिअरिंग बॉक्सपर्यंत पोंचतो. तेथील बेअरिंगें दुखावतात, व टोकाचे आटेहि चेपतात.

सबब पुढील क्रमानें काम करावें. गाडी सपाट जागीं उभी करून पुढचीं चाकें सरळ ठेवावींत. बॅटरीची ऋण बाजूची केबल सोडावी. हॉर्नचें बटण काढून तार जपून बाजूस घ्यावी. तुंबा व शाफ्ट यांवर एका रेषेंत खूण करावी. गंज असल्यास गंज सोडविणारें तेल घालून रात्रभर थांबावें. नट ढिला करावा, परंतु कांहीं आट्यांवर तसाच राहूं द्यावा. नाहीं तर चाक एकाएकीं सुटून तोंडावर आदळतें. नंतर पुलर तुंब्यालाच लावावा. कडेला किंवा आऱ्यांना लावल्यास चाक मोडतें. शाफ्ट पोकळ असून आंतून तार गेली असेल, तर टोकावर जाड वॉशर ठेवावा. पुलरचा स्क्रू थोडथोडा आवळीत जावें.

परत बसवितांना खाचा साफ करून खुणेवर खूण जुळवावी, आणि नट गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापानें आवळावा. रस्त्यावर जाण्यापूर्वीं रिकामी गाडी शेतांतच सावकाश फिरवून चाक दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून पाहावें, हॉर्न वाजवावा, व कांहीं दिवसांनीं नट पुन्हां तपासावा. घाटांत भरलेली गाडी उतरत असतां चाक हातांत निघून आलें, तर ब्रेकाखेरीज कांहींच उरत नाहीं.

दोन सूचना अवश्य लक्षांत ठेवाव्या. स्टिअरिंग नुसतें ढिलें लागत असेल, तर दोष बहुधा खालच्या सांध्यांत किंवा बॉक्समध्यें असतो. चाक काढून तो जाणार नाहीं. आणि ज्या गाडीच्या चाकांत एअरबॅग आहे, तिला ही रीत मुळींच लावूं नये; तें काम जाणत्या कारागिराकडेच सोंपवावें.