एकसष्ट सेकंदांत कायदा

कायद्याचा मसुदा कोण वाचतो? २००८ च्या जूनमध्ये कॅनडाच्या संसदेत सी-६१ हे कॉपीराइट विधेयक आलं, तेव्हा ओटावाचे कायद्याचे प्राध्यापक मायकेल गाइस्ट यांनी लोकांपुढे स्पर्धा ठेवली: ६१ सेकंदांच्या व्हिडिओत ते समजावून दाखवा. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तेवढ्यात आमच्याकडे मुंडावळ्याही बांधून होत नाहीत. पण या विधेयकातली मेख मिनिटभरात कळण्याजोगी होती. विकत घेतलेल्या गाण्याची स्वतःपुरती प्रत काढायला मुभा. मात्र कंपनीने त्यावर डिजिटल कुलूप घातलं असेल, तर ते तोडणं बेकायदा. म्हणजे एका हाताने दिलं नि दुसऱ्याने काढून घेतलं! सप्टेंबरमध्ये निवडणूक जाहीर झाली आणि विधेयक बारगळलं. कुलपाचं कलम मात्र २०१२ च्या कायद्यात आलंच.