शाळेचा पैसा आणि शाळेची सत्ता

शिक्षणाचा खर्च सरकारनें करावा आणि शाळाहि सरकारनेंच चालवाव्या, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्याविषयीं कोणी शंका घेतली म्हणजे आपण दचकतों. परंतु खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या कित्येक विचारवंतांनीं ती शंका घेतली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. तथापि ज्यानें सारी हयात सरकारी तिजोरींतून पगार घेतला, त्यानें तर ही शंका अवश्य ऐकून घ्यावी.

तिचें मूळ अ‍ॅडम स्मिथ याच्या १७७६ सालच्या ‘राष्ट्रांची संपत्ति’ या ग्रंथांत सांपडतें. स्मिथ ऑक्सफर्ड येथें शिकला होता. तेथील बहुतेक प्राध्यापकांनीं शिकविण्याचें सोंगसुद्धां सोडून दिलें होतें, अशी त्याची तक्रार आहे. त्याचें निदान साधें आहे : ज्याचें वेतन ठरलेलें असतें आणि विद्यार्थ्याच्या समाधानावर मुळींच अवलंबून नसतें, त्याला कष्ट घेण्याचें कारण उरत नाहीं.

हें वाचून मला माझी शाळा आठवली. मन लावून शिकविलें तरी पगार तेवढाच, आणि हजेरी मांडून स्वस्थ बसलें तरी तेवढाच. तपासणी जवळ आली कीं आम्ही सारे जागे होत असूं. पण तें मुलांकरितां नव्हे, शेऱ्याकरितां. एकदां एक शेतमजूर बाई विचारावयास आली, ‘मास्तर, पोरगी चौथींत गेली, तिला वाचतां कां येत नाहीं?’ मीं कांहींतरी सांगून तिची बोळवण केली. जाब मागण्याचा अधिकार तिला नव्हता, आणि हें मलाहि ठाऊक होतें.

दुसरा आक्षेप जॉन स्टुअर्ट मिल याचा. १८५९ सालच्या ‘स्वातंत्र्याविषयीं’ या ग्रंथांत तो म्हणतो कीं, शिक्षण सक्तीचें करणें वेगळें, आणि सर्वांना शिकविण्याचें काम सरकारनें आपल्या हातीं घेणें वेगळें. पहिलें त्याला मान्य आहे. दुसऱ्यानें सारीं माणसें एका सांच्यांतून निघतील आणि तो सांचा सत्ताधाऱ्यांच्या आवडीचा असेल, असें त्याला भय वाटतें. मूल कोठें शिकवावें हें आईबापांनीं ठरवावें. गरिबांच्या फीला सरकारनें हातभार लावावा. सरकारी शाळा असल्याच तर त्या अनेक प्रयोगांपैकीं एक असाव्या.

याच विचाराला १९५५ सालीं मिल्टन फ्रीडमन यानें व्यवहाराचें रूप दिलें. सरकारनें पैसा शाळेला न देतां पालकाच्या हातीं एक प्रकारची हुंडी द्यावी. मूल ज्या शाळेंत जाईल तिनें ती वटवावी. सरकारनें किमान अटी तेवढ्या पाहाव्या. आपल्याकडील २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खासगी विनाअनुदानित शाळांच्या पहिल्या वर्गांत दुर्बल व वंचित मुलांसाठीं निदान शेंकडा २५ जागा ठेवावयास लावल्या, आणि त्यांचा खर्च ठराविक मर्यादेपर्यंत सरकारवर टाकला. ही सोय त्या हुंडीच्याच गोत्रांतली आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. चिली देशानें १९८१ सालीं मुलांच्या संख्येवर शाळांना पैसा देण्याची पद्धति सुरू केली. पुढें अनुदान घेणाऱ्या खासगी शाळांना वर आणखी फी घेण्याची मोकळीक मिळाली. ऐपतीचीं मुलें एकीकडे व गरिबांचीं दुसरीकडे, अशी वांटणी वाढली. अखेर २०१५ च्या कायद्यानें ती फी आणि मुलें निवडून घेण्याची रीत क्रमाक्रमानें बंद करण्याचें ठरलें. बाजारांत गिऱ्हाईक दुकान निवडतें. येथें दुकानच गिऱ्हाईक निवडूं लागलें होतें.

जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती सरकारच्या भरंवशावर नव्हे. खासगी प्रयत्नाचें मोल त्यांच्याहून अधिक कोणाला कळणार ? तरीहि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं गाऱ्हाणें मांडलें कीं, महसूल रयतेच्या घामाचा, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांना. आणि प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें करावें, अशी मागणी केली. ज्याची गांठ रिकामी, त्याची गरज बाजाराला ऐकूं येत नाहीं.

म्हणून पैसा कोणी द्यावा आणि शाळा कोणाच्या हुकमतींत असावी, हे दोन प्रश्न निराळे ठेवावे, असें माझें नम्र मत आहे. खुद्द स्मिथनेंहि गांवोगांवच्या लहान शाळांतील शिक्षकाला वेतनाचा कांहीं भाग सार्वजनिक पैशांतून द्यावा, असेंच सुचविलें होतें. सगळा मात्र नव्हे. त्या बाईकडे फी मागितली असती, तर तिची मुलगी शाळेंत आलीच नसती. आणि तिच्या प्रश्नाला उत्तर देणें मला भाग पडतें, तर ती मुलगी वाचावयास शिकली असती.